दोघींत एक कॉम्प्युटर

दोन बायकांना मी एकच डाइव्ह कॉम्प्युटर विकला आणि एक दिवस एकीने घाला, एक दिवस दुसरीने घाला, असं स्वतःच्या तोंडाने सांगितलं. तसं करायचं नसतं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. माहीत नसतं तर कुठेतरी टेकायला जागा राहिली असती. मला ते वीस वर्षं माहीत होतं.

या अंकासाठी दुकानातल्या गमतीजमती लिहा, असं संपादकांचं म्हणणं होतं. गमती आहेत, पण लिहायला बसलो की प्रत्येक गमतीच्या शेवटी वैशालीची दोन बोटं समोर येतात. म्हणून तेच लिहितो.

माझं दुकान नेरूळला, एका कमर्शियल कॉम्प्लेक्सच्या तळमजल्यावर आहे. शेजारी झेरॉक्सवाला, पलीकडे चष्म्याचं दुकान. त्याआधी चौदा वर्षं मी बंदरात जहाजांच्या तळाखाली उतरायचं काम केलं. पाणी इतकं गढूळ की आपलाच हात दिसायचा नाही. तळाला चिकटलेली कालवं खरवडायची, पंख्यात अडकलेला दोर कापायचा आणि वर यायचं. पुढे कंबरेने साथ सोडली आणि मी पाण्यात उतरायचं सामान विकायला बसलो. आमच्या खाडीत हौस म्हणून कोणी बुडी मारत नाही, खाली चिखलच आहे. इथली माणसं क्लबच्या टँकमध्ये शिकतात आणि मालवणला, मुरुडेश्वरला, अंदमानला जाऊन उतरतात. सर्टिफिकेट हातात पडलं की पहिली मोठी खरेदी असते ती डाइव्ह कॉम्प्युटरची.

बाहेरच्या माणसाला ते पाण्यात चालणारं घड्याळ वाटतं. दिसतंही तसंच, मनगटावरच बांधतात. पण ते वेगळंच काहीतरी मोजत असतं. खोल पाण्यात आपण सिलिंडरमधली हवा दाबाखाली घेतो. त्या हवेतला नायट्रोजन रक्तात, स्नायूंत मुरत जातो, लोणच्यात मीठ मुरतं तसा. दिसत नाही, दुखत नाही, पण आत असतो. वर येताना तो सावकाश बाहेर पडायला हवा. फार मुरलेला असताना वर आलो, किंवा घाईने आलो, तर त्याचे बुडबुडे होतात, सांध्यांत, मणक्यात, नसांत. कुकर निवायच्या आत झाकण ओढलं तर काय होतं, ते घरोघरी माहीत आहे. कॉम्प्युटर सतत खोली आणि वेळ बघून सांगत असतो की या माणसात किती मुरलाय आणि इथे अजून किती मिनिटं थांबलं तर चालेल. बुडी संपली तरी तो थांबत नाही. आपण बोटीवर बिस्किटं खात असतो तेव्हाही त्याचं चालू असतं, सकाळचा किती निघून गेला, किती अजून आत आहे. म्हणून दुपारच्या बुडीला तो कमी मिनिटं देतो.

एवढं कळलं की बाकीचं आपोआप कळतं. ज्याच्या हातावर तो असतो, त्याचंच शरीर त्याला ठाऊक. हात बदलला तर त्याला पत्ता लागत नाही.

पहिला कॉम्प्युटर घ्यायला येणारा माणूस बहुतेकदा इंटरनेटवर सगळं वाचून आलेला असतो. ऐरोलीचे एक आयटीवाले लॅपटॉपवर तक्ता घेऊनच आले होते, एकतीस ओळी, प्रत्येक ओळीला गुण दिलेले. दोन तास चर्चा झाली आणि शेवटी त्यांनी पायात घालायच्या फिन्सच्या रंगाशी जुळणारा घेतला. सीवूड्सचे एक निवृत्त गृहस्थ आले, त्यांना होकायंत्र, हृदयाचे ठोके आणि जमलं तर मोबाईलचे मेसेज, सगळं मनगटावर हवं होतं. माझ्याकडे एक स्टीलची बादली आहे. मी बादलीत पाणी भरतो, कॉम्प्युटर तळाला ठेवतो आणि गिऱ्हाइकाला डोळ्यांवर मास्क चढवून आकडा वाचायला सांगतो. त्यांनी अठराचे तेरा वाचले. मग मोठ्या आकड्यांचा, दोन बटणांचा, दिसायला ठोकळ्यासारखा, सगळ्यात साधा कॉम्प्युटर घेऊन गेले. पुढे मुरुडेश्वरहून फोटो पाठवला, मनगट पुढे करून.

अशा गोष्टींचा मला अभिमान होता. माने सर गळ्यात मारत नाहीत, उलट कमी घ्यायला सांगतात, अशी माझी ख्याती होती आणि ती मी जपत होतो. चांगला माणूस दिसायची सवय लागली की ती सुटत नाही. माझी चूक लोभातून झाली असती तर मला ती ओळखू आली असती. ती या सवयीतून झाली.

त्या दोघी कामोठ्याहून आल्या होत्या. स्मिता शाळेत शिकवते. वैशाली तिची नणंद, तिथेच एका लॅबमध्ये रक्त घेण्याचं काम करते. एकाच घरात राहतात. टँकमधलं शिक्षण दोघींनी बरोबर पूर्ण केलं होतं आणि महिन्याने अंदमानला जायचं ठरलं होतं.

"सर, एकच दाखवा," स्मिता म्हणाली. "दोघींत एक."

"वहिनीच्या आणि माझ्यात सगळं एकच असतं," वैशाली म्हणाली. "स्कूटर एक, हेअर ड्रायर एक. भाऊपण एकच होता, तो तेवढा हिला देऊन टाकला."

"परत घे की. टेन्शनच जाईल माझं."

"नको बाबा. वापरलेला माल आम्ही परत घेत नाही."

कोपऱ्यातल्या स्टुलावर धर्माकाका चहा घेत बसले होते. ते सारसोळ्याचे कोळी, साठी ओलांडलेले. होडीच्या पंख्यात जाळं अडकलं की अजून नुसता श्वास रोखून खाली जातात. मास्कचा पट्टा तुटला म्हणून आले होते. त्यांनी काउंटरवरचा कॉम्प्युटर उचलून उलटसुलट केला.

"ये घड्याल कोनाचा आंग मोजतो?"

"ज्याच्या हातावर असेल त्याचं," मी सांगितलं.

काकांनी एकदा स्मिताकडे बघितलं, एकदा वैशालीकडे. "मंग या दोगींचा आंग येकच हाय काय?"

सगळे हसले. "काका, वहिनीचं वजन बघून तरी असं बोलू नका," वैशाली म्हणाली आणि स्मिताने तिला पर्सने मारलं. मीही हसलो.

त्या माणसाने माझ्याच दुकानात, माझ्याच समोर, नेमका प्रश्न विचारला होता. मी तो विनोदावर घालवला.

"खरंच, चालेल ना सर एक?" स्मिताने विचारलं. "दोन घेतले तर अंदमान पुढच्या वर्षावर जाईल."

मी म्हणालो, "दोन कशाला? तुम्ही जोडीनेच उतरणार. एकीच्या हातावर असला तरी दुसरीला दिसतो. स्कूटरसारखंच करा, एक दिवस हिचा, एक दिवस तिचा." आणि बॉक्समधलं पुस्तक पिशवीत टाकत म्हणालो, "हे सावकाश वाचा."

त्या पुस्तकाच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं की हा एकाहून जास्त जणांनी वापरू नये. मी ते पान उघडून दाखवलं नाही. माझ्या मागच्या कपाटात भाड्याने द्यायचे दोन जुने कॉम्प्युटर पडून होते. त्यातला एक न्या, परत आलात की आणून द्या, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. ते मला सुचलंही नाही. मी त्या दोघींच्या चेहऱ्यावरचा आनंद बघत होतो.

दारातून बाहेर पडताना वैशाली म्हणाली, "बघ, किती साधे आहेत सर. दुसऱ्याने दोन नाही, तीन गळ्यात मारले असते." ते ऐकून मला बरं वाटलं. दिवसभर बरं वाटत राहिलं.

त्यानंतर दीड महिन्याने, संध्याकाळी, दुकानात फोन आला.

"माने सर का? मी नीलेश, वैशालीचा भाऊ. तिला तिकडे अंदमानात चेंबरमध्ये ठेवलंय."

"कुठल्या चेंबरमध्ये?" मी विचारलं.

"दाब देऊन बुडबुडे जिरवतात ना, ते. उजवा हात उचलता येत नाहीये तिला. बोटांना काही कळत नाहीये. मी सकाळच्या विमानाने निघतोय. डॉक्टर विचारतायत, कॉम्प्युटर किती मिनिटं दाखवत होता. तो खराब होता का हो?"

मी काय बोललो ते शब्दशः लिहितो. मी म्हणालो, "पुस्तकात लिहिलेलं असतं की तो शेअर करायचा नाही."

त्याने ते विचारलंच नव्हतं. तो "बरं" म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

मी हादरलो होतो. आणि हादरलेला माणूस सगळ्यात आधी कोणाला वाचवायला धावतो, ते मला त्या वाक्यातून कळलं. तिकडे एक बाई हात हलवता येत नाही म्हणून लोखंडी खोलीत पडली होती आणि मी माझ्याभोवती कुंपण घालत होतो. बंदरात असताना माझ्या जोडीदाराला हाच त्रास झालेला मी पाहिला होता. तो किती विव्हळत होता, ते अजून कानात आहे. तरीही मी हेच बोललो.

दोन आठवड्यांनी स्मिता दुकानात आली. एकटीच. कॉम्प्युटर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणला होता, घरात दिसायला नको म्हणून.

"सर, याच्या आत काय आहे ते बघता का? मला कळायला हवंय."

मी केबल लावली. लॅपटॉपवर माहिती येईपर्यंत ती सांगत होती. तो दिवस तिचा होता, ठरल्याप्रमाणे कॉम्प्युटर तिच्या हातावर होता. पण सकाळी उठली तर कानाला दडा बसलेला, म्हणून ती बुडीला गेलीच नाही. कॉम्प्युटर मनगटावर बांधूनच बाजारात फिरली. वैशाली सकाळी गाइडबरोबर गेली. दोन बुड्या मारल्या, पहिली चांगलीच खोल, त्याच्या कॉम्प्युटरच्या भरवशावर. जेवणानंतर तिसरी बुडी होती. स्मिता कंटाळून बोटीवर जाऊन बसली होती.

"मी म्हटलं, आज माझा दिवस वाया गेला, तू तरी घाल. माझ्या हातावरून काढून मीच तिच्या हातावर बांधला. सैल होत होता, तर पट्टा एक भोक पुढे घेऊन घट्ट करून दिला."

पाण्याखाली बावीस मीटरवर गाइडने वर चलायची खूण केली. वैशालीने मनगट पुढे करून दाखवलं, अजून वेळ आहे. गाइडच्या हाताला एक घाबरलेला टुरिस्ट होता. त्याने हिरवा आकडा बघितला, गटातल्या दुसऱ्या दोघांना तिच्याजवळ थांबायची खूण केली आणि तो टुरिस्टला घेऊन वर गेला. समोर कासव होतं. वैशाली आणखी आठ मिनिटं खाली राहिली. बोटीवर आल्यावर आधी दंडाला खाज सुटली, मग खांदा दुखायला लागला. मग ती म्हणाली, वहिनी, मी हातमोजा काढला का गं? तिने हातमोजा घातलाच नव्हता.

लॅपटॉपवर तो दिवस उघडला. मी मनातल्या मनात म्हणत होतो, काहीतरी बिघाड निघू दे. सेन्सर गेलेला असू दे, बॅटरी उतरलेली असू दे. पडद्यावर त्या दिवशीची एकच बुडी होती आणि तिच्यापुढे लिहिलं होतं, पहिली. खोलीची रेघ व्यवस्थित, वेळ व्यवस्थित, आकडे शेवटपर्यंत हिरवे. ज्या क्षणी वैशाली वर निघाली, त्या क्षणी अजून तीन मिनिटं शिल्लक दिसत होती. यंत्राने काहीही चूक केली नव्हती. सकाळपासून बाजारात फिरणाऱ्या बाईला जेवढी मिनिटं द्यायला हवी, तेवढीच त्याने दिली होती.

मी पंखा वाढवायला उठलो, तो आधीच पूर्ण वेगात होता.

"सासूबाई म्हणतात, तूच बांधलास तिच्या हाताला," स्मिता म्हणाली. "नीलेश काही म्हणत नाही. ते तर जास्तच लागतं." मग तिने विचारलं, "सर, मी चुकले ना?"

मी म्हणालो, "तुम्हाला माहीत नव्हतं."

हे वाक्य खरं होतं. पण त्याचा अर्थ, हो, चुकलात, असाच होतो. तिने तसाच घेतला, मान हलवली, कॉम्प्युटर पुन्हा पिशवीत गुंडाळला आणि गेली. विकताना केलेल्या चुकीपेक्षा ही मोठी होती असं मला आता वाटतं. पहिली केली तेव्हा मी स्वतःवर खूश होतो. दुसरी केली तेव्हा मला सगळं स्वच्छ दिसत होतं.

त्यानंतर मी आठवून आठवून यादी केली की असा सल्ला आणखी कोणाकोणाला दिलाय. चौघे निघाले. खारघरचे एक वडील आणि मुलगी, दोन मित्र. चौघांनाही फोन केले, एकाच कॉम्प्युटरवर उतरू नका म्हणून सांगितलं आणि कपाटातले दोन्ही जुने कॉम्प्युटर देऊन टाकले. खारघरचे वडील गोंधळून म्हणाले, "अहो, पण तुम्हीच तर म्हणाला होतात." मी त्यांना हो म्हणालो. अनोळखी माणसाला फोनवर हो म्हणणं सोपं गेलं. कामोठ्याला फोन करायला हात उठत नव्हता.

चार महिन्यांनी एक दिवस धर्माकाकांनी विचारलं, "त्या दोगी बायका परत आल्या नाय रं?"

मी सांगितलं. एकदा सुरुवात केल्यावर सगळंच सांगितलं, नीलेशचा फोन, स्मिताचा प्रश्न. काकांनी चहा खाली ठेवला.

"मी इचारला व्हता तुला."

"हो काका."

"तू हासलास."

"हो."

"मंग त्यांना जाऊन सांग. मना काय सांगतस?"

मी गेलो, पण तरी चार महिने लावले. आणि गेलो तो घरी नाही, वैशालीच्या लॅबमध्ये. काउंटरवर तीच बसली होती. मला बघून तिला खरंच आनंद झाला, आणि त्या आनंदासमोर माझं तोंड उघडेना. "शुगर बघायची होती," मी म्हणालो. तिने डाव्या हाताने माझं नाव टाईप केलं. रक्त दुसऱ्याच मुलीने घेतलं.

"तुम्ही नाही घेत आता?" मी विचारलं.

"शीर डोळ्यांना दिसली तर कोणीही घेईल, सर. दिसत नाही ती बोटाने शोधायची असते. दाबून बघायचं, ती उसळून येते." तिने उजव्या हाताची पहिली दोन बोटं टेबलावर टेकवली. "या दोघांना आता टेबल आणि हात सारखाच लागतो. एका आजींना दोनदा टोचलं मी, शीर लागलीच नाही. मग मीच मॅडमना सांगितलं, मला काउंटर द्या."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"येईल म्हणतात हळूहळू. नाहीही येणार, असंही म्हणतात. त्याचं काही नाही. घरचं जास्त आहे. वहिनी माझ्याशी नीट बोलत नाही. माझ्या आधी उठून माझी वेणी घालून देते, डबा भरून देते, मोलकरणीसारखी वागते. मी शंभर वेळा सांगितलं की तुझी चूक नाही. तिला वाटतं मी मोठेपणा दाखवतेय. आई तर येता-जाता टोमणे मारते." मग ती पुढे वाकून हळूच म्हणाली, "सर, तुम्ही सांगा ना घरी येऊन. तुम्ही यातले जाणकार. तुमचं ऐकतील सगळे."

नऊ महिने त्या घरात ज्याच्या चुकीवरून हे चाललं होतं तो मी होतो, आणि तिला ते माहीत नव्हतं. ती मला साक्षीदार म्हणून बोलावत होती.

रविवारी सकाळी गेलो. कामोठ्यातला दोन बेडरूमचा फ्लॅट. सोफ्यावर नीलेश आणि त्याची आई, वैशाली खुर्चीत. स्मिता चहाचा ट्रे ठेवून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, बसली नाही.

आईंनीच सुरुवात केली. "तुम्हीच बघा आता. एवढी शिकलेली सून, शाळेत पोरांना शिकवते, पण दुसऱ्याच्या हाताला काय बांधायचं नि काय नाही, एवढं कळू नये?"

"आई," वैशाली म्हणाली.

"मी काही वाईट बोलले का? सरांनाच विचार."

"मलाच विचारा," मी म्हणालो. "स्मिता मॅडम, तुम्ही आत येऊन बसा. तुम्ही बसल्याशिवाय मला बोलता यायचं नाही."

ती आली, वैशालीशेजारच्या वेताच्या मोड्यावर अवघडून बसली. मग मी बोललो. जेवढं आठवतं तेवढं इथे लिहितो.

"आई, तुमच्या सुनेने मी सांगितलं तेच केलं. एक दिवस हिचा, एक दिवस तिचा, हे शब्द माझे आहेत; हात बदलला तर चालतं, हे त्या त्यातूनच शिकल्या. तसं करू नये हे त्या दुकानात फक्त मला माहीत होतं, आणि या दोघींनी मला चांगलं म्हणावं म्हणून मी ते बोललो नाही. नीलेश, तुम्ही फोन केलात तेव्हा बहिणीची चौकशी न करता मी पुस्तकाकडे बोट दाखवलं. स्मिता मॅडम, तुम्ही चुकलात का, असं तुम्ही मला विचारलं होतं. त्याचं उत्तर नाही असं होतं. ते मला ठाऊक होतं आणि मी दिलं नाही, तुम्हाला तसंच घरी जाऊ दिलं. वैशाली, तुमची बोटं माझ्यामुळे गेली. ती मला परत देता येणार नाहीत. मी तुमची माफी मागतो, आणि वहिनींची तुमच्याहून थोडी जास्त मागतो, कारण तुम्हाला काय झालं ते सगळ्यांना दिसत होतं, त्या कोणाची चूक डोक्यावर घेऊन वावरत होत्या ते मला एकट्याला माहीत होतं."